नियम मोडायचा नाही, पाळून पाळून दमवायचा: एन्क्रिप्शन, निर्यातबंदी आणि 'लेखी द्या'

बोरूबहाद्दर (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात भाच्याचं ॲप ॲपलच्या दुकानात चढवायचं चाललं होतं. किराणा दुकानाच्या उधारीची वही, बाकी काही नाही. सगळं भरून झालं आणि मग प्रश्न आला: तुमचं ॲप एन्क्रिप्शन वापरतं का? एन्क्रिप्शन म्हणजे मजकूर असा बदलायचा की किल्लीशिवाय तो कोणाला वाचता येऊ नये. भाचा माझ्या तोंडाकडे बघायला लागला. उधारीच्या वहीचा आणि अमेरिकेच्या निर्यात कायद्याचा संबंध काय, हे सांगता सांगता रात्रीचा दीड वाजला. म्हटलं, एवढं तोंड दुखवलंच आहे तर इथेही टंकून टाकू.

१९९६ संपेपर्यंत अमेरिकेत एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर युद्धसामग्रीच्या यादीत होतं. रणगाडे आणि क्षेपणास्त्रं ज्या यादीत, त्याच यादीत, तेराव्या वर्गात. देशाबाहेर पाठवायचं तर परराष्ट्र खात्याचा परवाना हवा. ४० बिटांच्या किल्लीपर्यंत काहीशी मोकळीक होती, पण ती किल्ली म्हणजे ट्रंकेला लावतात तसलं कुलूप. ऑगस्ट १९९५ मध्ये फ्रान्सच्या दामियाँ दोलिजे यांनी नेटस्केप या ब्राउझरचं ४० बिटांचं एक सत्र आठ दिवसांत फोडून दाखवलं. जानेवारी १९९७ मध्ये बर्कलीचा विद्यार्थी इयन गोल्डबर्ग याने अडीचशे संगणक जुंपून तेवढ्याच लांबीची किल्ली साडेतीन तासांत शोधली.

या कायद्याविरुद्ध सरळ कायदेभंग करणारे पुष्कळ होते. ॲडम बॅक यांनी आरएसए हे एन्क्रिप्शनचं अल्गोरिदम पर्ल भाषेच्या तीन ओळींत बसवलं. लोकांनी त्या ओळी टी-शर्टवर छापल्या, ईमेलच्या सहीखाली लावल्या. अँग्विला बेटावर राहणाऱ्या व्हिन्स केट यांनी तर एक पान केलं होतं: बटण दाबा, त्या तीन ओळी अमेरिकेतून अँग्विलाच्या सर्व्हरवर जातील आणि तुम्ही आंतरराष्ट्रीय शस्त्र तस्कर व्हाल. हवं तर एक प्रत राष्ट्राध्यक्षांना पाठवायचीही सोय होती.

हे सगळं मजेदार आहेच. पण माझा जीव अडकलाय तो दुसऱ्या जातीच्या माणसांत. ज्यांनी कायदा मोडला नाही, तर इतका काटेकोर पाळला की कायद्यालाच घाम फुटला. आपल्याकडे सविनय कायदेभंग शाळेत शिकवतात. याला सविनय कायदेपालन म्हणा.

फिल कार्न हे रेडिओ हौशी मंडळींत गाजलेलं नाव. ब्रूस श्नायर यांच्या 'अप्लाइड क्रिप्टोग्राफी' या पुस्तकाच्या शेवटी पानंच्या पानं एन्क्रिप्शनचा सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) छापलेला आहे. कार्न यांनी फेब्रुवारी १९९४ मध्ये परराष्ट्र खात्याला रीतसर अर्ज केला: हे पुस्तक निर्यात करायला परवाना लागेल का? मार्चच्या सुरुवातीलाच उत्तर आलं: नाही, छापील पुस्तक आहे, सार्वजनिक आहे, खुशाल पाठवा. इथे दुसरा कोणी असता तर खूश होऊन घरी बसला असता. कार्न यांनी लगेच दुसरा अर्ज टाकला. त्याच पुस्तकातला तोच कोड फ्लॉपीवर आहे, आता सांगा? मे महिन्यात उत्तर आलं: फ्लॉपी ही युद्धसामग्री आहे, परवाना लागेल.

दोन्ही पत्रं एकाच खात्याची, एकाच मजकुराबद्दलची. फरक एवढाच की एकातली अक्षरं डोळ्यांनी वाचायची आणि दुसऱ्यातली ड्राइव्हने. कोणी ओरडून सांगितलं असतं की हा कायदा वेडगळ आहे, तर कोण ऐकणार होतं? इथे सरकारनेच लेटरहेडवर लिहून दिलं.

क्लीव्हलंडला केस वेस्टर्न विद्यापीठात कायदा शिकवणारे पीटर जंगर यांनी हेच पुढे नेलं. त्यांच्या 'संगणक आणि कायदा' विषयाच्या वर्गात परदेशी विद्यार्थ्यांना कोड दाखवणं हीसुद्धा निर्यात ठरेल अशी स्थिती होती. १९९७ च्या जूनमध्ये त्यांनी आपले प्रोग्रॅम आणि स्वतःच्या पाठ्यपुस्तकाचं पहिलं प्रकरण वर्गवारीसाठी वाणिज्य खात्याकडे धाडलं (तोवर हा कारभार परराष्ट्र खात्याकडून वाणिज्य खात्याकडे आला होता). जुलैत निकाल: पाचपैकी चार प्रोग्रॅमना परवाना हवा. पाठ्यपुस्तकाचं प्रकरण छापील असेल तर चालेल, पण तेच प्रकरण इलेक्ट्रॉनिक रूपात पाठवायचं तर परवाना हवा.

आणि मॅट ब्लेझ. हे एटी अँड टीमध्ये संशोधक. १९९५ च्या सुरुवातीला युरोपात जायचं होतं, सोबत एक सुरक्षित फोनयंत्र न्यायचं होतं. तेही निर्यातीसाठी मुद्दाम केलेलं मिळमिळीत मॉडेल. शंभरातले नव्व्याण्णव लोक बॅगेत टाकून गेले असते. यांनी तात्पुरत्या निर्यातीचा परवाना काढला. विमानतळावर कस्टमच्या लोकांपुढे तो ठेवला, तर त्याचं करायचं काय हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. कुठला फॉर्म, कुठला शिक्का, कोणाची सही? परत आल्यावर 'नेलेली युद्धसामग्री परत आणली आहे, नोंद करा' म्हणून पुन्हा मागे लागावं लागलं. हा सगळा प्रवास त्यांनी लिहून काढला आणि तो इंटरनेटवर भरपूर फिरला. फेब्रुवारी १९९६ मध्ये परराष्ट्र खात्याने स्वतःच्या वापरासाठी नेलेल्या अशा वस्तूंना परवान्यातून सूट दिली.

माझं म्हणणं एवढंच: नियम मोडणाऱ्याला शिक्षा करणं सरकारला सोपं जातं. पाळणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं, आणि तेही लेखी.

---

कसारा_लोकल

वा बोरूकाका! याला आपल्याकडे साधा सरळ शब्द आहे की: 'नियमानुसार काम'. आमचे बाबा एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. संप केला तर पगार कापणार. म्हणून युनियनने नियमानुसार काम जाहीर केलं. बाबा त्या दिवशी घरून मॅन्युअल घेऊन गेले, ब्राउन पेपरचं कव्हर घातलेलं. आवक टपालाच्या प्रत्येक कागदाला क्रमांक, प्रत्येक नोंदीवर तारखेसह सही, पाकीटसुद्धा फाइलला जोडायचं. नियमात तसंच होतं. दुपारी साडेतीनपर्यंत त्यांच्या टेबलावरून अकरा कागद पुढे सरकले. साहेब येऊन म्हणाले, "अहो, रोजच्यासारखं करा ना!" बाबा म्हणाले, "तसं लेखी द्या, साहेब."

साहेबांनी अर्थातच दिलं नाही.

---

निशिगंधा_के

लेख छान, पण बोरूबहाद्दर, तुम्ही शेवट सोयीस्कर गाळलात. कार्न ती दोन पत्रं घेऊन १९९५ मध्ये कोर्टात गेले आणि मार्च १९९६ मध्ये न्यायाधीश चार्ल्स रिची यांनी त्यांचा दावा फेटाळला. इतकी तर्कदुष्ट पत्रं हातात असून! जंगर खालच्या कोर्टात हरलेच होते. जिंकलं कोण? डॅनियल बर्नस्टाइन, ज्यांनी मुद्दा विसंगतीचा नाही, तर अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा केला. एप्रिल १९९६ मध्ये न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी सोर्स कोड हे भाषण आहे असं धरलं, मे १९९९ मध्ये नवव्या सर्किटने (वरच्या अपील कोर्टाने) ते उचलून धरलं. (आडनाव पटेल बघून मलाही वाटलं होतं आपल्या गुजरातच्या असतील. त्या न्यूयॉर्कच्या, सासरचं आडनाव.)

आणि खरं सांगायचं तर नियम सैल झाले ते पैशाने. अमेरिकी कंपन्यांचा माल बाहेर विकला जाईना, परदेशी कंपन्या १२८ बिट विकायला लागल्या, तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. जानेवारी २००० चे शिथिल नियम हे धंदेवाल्यांच्या रेट्याचं फळ. अर्ज भरणाऱ्यांचं कौतुक करा, पण घोड्यापुढे गाडी जोडू नका.

---

बोरूबहाद्दर

निशिगंधाताई, रिचीसाहेबांचा निकाल मुद्दाम गाळला नव्हता, लेख आधीच मारुतीच्या शेपटासारखा झाला होता. पण एक सांगा. बर्नस्टाइन यांनीही दावा ठोकण्याआधी काय केलं? 'स्नफल' नावाचा आपला अल्गोरिदम परराष्ट्र खात्याकडे पाठवून विचारलं, परवाना लागेल का? निबंध वेगळा, कोड वेगळा, सूचना वेगळ्या, असे पाच तुकडे करून पाच अर्ज. 'हे सगळंच युद्धसामग्री' असं पत्र हातात आलं तेव्हाच त्यांच्याकडे कोर्टात जायला काहीतरी होतं. नाहीतर पहिल्या तारखेलाच 'तुमचं नुकसान काय झालंय?' म्हणून घरी पाठवलं असतं. जंगर खाली हरले हे खरं, पण एप्रिल २००० मध्ये सहाव्या सर्किटने त्यांच्या बाजूने कोड हे भाषण आहे असं म्हटलंच ना!

पैशाचं म्हणणं मान्य. शंभर टक्के.

---

परसदार_एडिसन

१९९८ ची गोष्ट. तेव्हा मी न्यू जर्सीत नवाच. नेटस्केपची १२८ बिटवाली आवृत्ती उतरवायची तर आधी फॉर्म: तुम्ही अमेरिकेत वा कॅनडात आहात ना, नागरिक किंवा कायम रहिवासी आहात ना, हे दुसऱ्याला देणार नाही ना. दादरच्या मावसभावाला पाहिजे होती. त्याच्या सायबर कॅफेत ब्राउझर उघडून माहितीच्या चौकटीत बघितलं की ४० बिट असं यायचं आणि त्याला ते झोंबायचं. "आम्ही काय दुय्यम दर्जाचे?" म्हणायचा.

मी भारतात जाताना माझ्या लॅपटॉपवर ती आवृत्ती घेऊन गेलो. स्वतःच्या वापरासाठी, म्हणजे वर बोरूकाका म्हणतात त्या सुटीत बसणारं. पण भावाला फ्लॉपीवर देणं म्हणजे निर्यात! चॉकलेटं, बदाम, शॅम्पूच्या बाटल्या सगळं वाटून झालं, आणि त्याने विचारलं, "ते आणलंस?" मी नियम समजावून सांगायला लागलो. मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे दे त्याला काय ते, एवढ्या लांबून आलायस." मी दिलं नाही. अजूनही तो लग्नाकार्यात हे ऐकवतो. पुढच्याच महिन्यात त्याने ऑस्ट्रेलियातून आलेलं 'फोर्टिफाय' उतरवलं, त्यातून नेटस्केप १२८ बिटचं झालं, आणि मला ईमेल केला. त्यात फक्त एक स्मायली होती.

---

मठ्ठ_सर्व्हर

सामूहिक पालनाचं सगळ्यात मोठं उदाहरण राहिलंच की. डेबियन, म्हणजे स्वयंसेवकांनी चालवलेली मोफत संगणक प्रणाली!

ज्यांनी जुनं डेबियन वापरलंय त्यांना आठवेल, सोर्सेस डॉट लिस्टमध्ये (सॉफ्टवेअर कुठून आणायचं त्या पत्त्यांच्या फाइलमध्ये) एक वेगळी ओळ लिहावी लागायची, 'नॉन-यूएस' नावाची. एन्क्रिप्शनवालं सगळं त्या वेगळ्या कोठारात, आणि ते अमेरिकेबाहेर ठेवलेलं. अमेरिकेतल्या डेबियनवाल्याला तिथे स्वतः काही चढवता येत नसे, कारण ती निर्यात. एसएसएच (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करायचं साधन) टाकायचं म्हटलं तरी वेगळ्या देशातून आणायचं.

जानेवारी २००० च्या नियमांनी सांगितलं: कोड सगळ्यांना मोफत उपलब्ध असेल तर परवाना नको, फक्त वाणिज्य खात्याला ईमेलने कळवा की तो कुठे आहे. डेबियनने वकिलांचा सल्ला घेतला आणि २००२ मध्ये नॉन-यूएसमधलं सामान मुख्य कोठारात आणलं. पण प्रश्न असा की कुठलं पॅकेज एन्क्रिप्शनवालं? आज साधा असलेला मजकूर संपादक उद्या एन्क्रिप्शन शिकला तर? प्रत्येक वेळी तपासत कोण बसणार? मग त्यांनी सरळ मार्ग काढला. कोठारात येणाऱ्या प्रत्येक नव्या पॅकेजची सूचना पाठवायची. एन्क्रिप्शन असो वा नसो, पुढेमागे येऊ शकतं म्हणून. आणि ते काम यंत्राकडे सोपवलं. नवं पॅकेज दाखल झालं की पत्र आपोआप वॉशिंग्टनला रवाना.

म्हणजे विचार करा. कोणीतरी पत्त्यांचा खेळ केला, गेलं पत्र. कोणी संस्कृत फाँट बांधला, गेलं पत्र. वाणिज्य खात्याच्या त्या मेलपेटीत टेट्रिसची वर्णनंही निमूट येऊन पडली असणार.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे: डेबियनने हे निषेध म्हणून केलं नव्हतं. त्यांना कायद्याची धास्ती होती आणि स्वयंसेवकांचा वेळ वाचवायचा होता. पण परिणाम निषेधासारखाच. मार्च २०२१ मध्ये वाणिज्य खात्याने नियम बदलला: प्रचलित, सर्वमान्य अल्गोरिदम वापरणाऱ्या सार्वजनिक कोडसाठी आता कळवायची गरज नाही. घरगुती, प्रमाणित नसलेलं एन्क्रिप्शन असेल तरच कळवा.

---

आगाऊ_कार्टं

टेट्रिसवाली ओळ वाचून कॉफी नाकात गेली 😂

वाचनखूण साठवली आहे.

---

निशिगंधा_के

मठ्ठ_सर्व्हर, इथेच माझं खरं म्हणणं येतं. वीस वर्षं यंत्र निमूटपणे पत्रं पाठवत राहिलं. त्याने नियम दमला का? की नियमाला सवय झाली, आणि आपल्यालाही? कसारा_लोकल यांच्या बाबांचं नियमानुसार काम चार दिवस चालतं तेव्हा साहेबाला त्रास होतो. तेच आपोआप करणारं यंत्र बसवलं की कोणालाच त्रास नाही. निषेधाला घर्षण लागतं. ऑटोमेशनने तेच काढून टाकलं.

---

कसारा_लोकल

हे पटलं. बाबांनी यंत्र लावलं असतं तर साहेब खूश झाले असते.

---

बोरूबहाद्दर

निशिगंधाताई, हा वार बसला. उत्तर शोधतोय.

तोवर एक आपल्या घरचं. आपल्याकडे इंटरनेट सेवा देणाऱ्यांच्या परवान्यात कित्येक वर्षं असं कलम होतं की वापरकर्त्याने ४० बिटांपर्यंतचं एन्क्रिप्शन बिनपरवानगी वापरावं. त्याहून जास्त वापरायचं तर दूरसंचार खात्याची लेखी परवानगी घ्यावी आणि उलगडण्याची किल्ली दोन भागांत करून खात्याकडे जमा करावी. आणि त्याच काळात, जून २००१ मध्ये, रिझर्व्ह बँक इंटरनेट बँकिंगसाठी बँकांना सांगते: किमान १२८ बिट एसएसएल (ब्राउझर आणि सर्व्हरमधलं एन्क्रिप्शन) वापरा! म्हणजे बँकेने रिझर्व्ह बँकेचं ऐकावं, तर ग्राहकाने दूरसंचार खात्याकडे किल्ली घेऊन जावं.

आता कल्पना करा की आपण सगळ्यांनी हे मनोभावे पाळलं असतं. सुरक्षित पानाची किल्ली दर सत्राला नवी बनते. सकाळी बँकेत शिल्लक बघितली, एक किल्ली. रेल्वेचं तिकीट काढलं, दुसरी. मग प्रत्येक किल्लीचे दोन भाग, दोन पाकिटं, दोन पोचपावत्या. तत्काळ तिकिटाच्या दिवशी सकाळी दहा वाजता नुसत्या कोकणातल्या चाकरमान्यांनी पाकिटं टाकली असती तरी संचार भवनाबाहेर पोस्टाच्या लाल गाड्यांची रांग लागली असती.

कोणी केलं नाही. सगळ्यांनी गुपचूप मोडलं. आणि म्हणूनच ते कलम वर्षानुवर्षं कोणाच्या डोळ्यावर आलं नाही, असं मला वाटतं.

---

सायली_७

२०१५ चा राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा आठवतो का? त्यात होतं की नागरिकांनी एन्क्रिप्ट केलेल्या संदेशाचा साधा मजकूर ९० दिवस जपून ठेवायचा आणि मागितला की द्यायचा. सप्टेंबरमध्ये मसुदा आला, दोन-तीन दिवसांत इतका गदारोळ झाला की २२ सप्टेंबरला तो मागे घेतला. तेव्हा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर एकाने सुचवलं होतं की आपण रोज रात्री दिवसभराचे सगळे व्हॉट्सॲप संदेश छापून फाइलला लावू. 'सुप्रभात'चे फुलांचे फोटो रंगीत प्रिंट काढून, पंच करून. आमच्या सासूबाईंचा एकटीचा बॉक्स फाइलचा गठ्ठा झाला असता.

निर्यात नियमांबद्दल: आपणही डिसेंबर २०१७ मध्ये वासेनार करारात (शस्त्रं आणि तशा तंत्रज्ञानाच्या निर्यातीवरच्या आंतरराष्ट्रीय करारात) गेलो आणि आपल्या निर्यात-नियंत्रणाच्या स्कोमेट यादीत माहिती-सुरक्षेच्या वस्तू आल्या. हार्डवेअरवाल्या कंपनीत आहे, त्यामुळे परवान्याचे फॉर्म आता अमेरिकेचे नाही, दिल्लीचेही भरावे लागतात. त्या काळातल्या अमेरिकेला हसताना जरा हळू हसा.

---

मठ्ठ_सर्व्हर

आणि पालनाचं जुनं कर्ज फेडावंच लागतं. निर्यातीसाठी मुद्दाम कमकुवत केलेलं ५१२ बिटांचं आरएसए २००० नंतर कोणाला नको होतं, पण सर्व्हरमधून कोणी काढलं नाही. मार्च २०१५ मध्ये 'फ्रीक' नावाचा हल्ला उघड झाला: मधल्या माणसाने ब्राउझर-सर्व्हरला फसवून त्या जुन्या निर्यातछाप किल्लीवर आणायचं. किल्ली भाड्याच्या संगणकांवर फोडायला लागले सुमारे शंभर डॉलर आणि काही तास. बाधित ठिकाणांत खुद्द एनएसएचं, म्हणजे अमेरिकी हेरगिरी संस्थेचं, संकेतस्थळ होतं.

मी स्वतः त्या आठवड्यात एका ग्राहकाच्या सर्व्हरवर सायफरची (एन्क्रिप्शन पद्धतींची) यादी उघडली तर 'एक्स्पोर्ट' नावाच्या ओळी होत्या. १९९० च्या दशकातल्या कायद्याच्या ओळी, २०१५ मध्ये, नाशिकच्या सर्व्हरवर. एकेक करून खोडल्या. चहा गार झाला.

---

निशिगंधा_के

हा मुद्दा जबरदस्त आहे. बोरूबहाद्दर, उत्तर सापडलं का?

---

बोरूबहाद्दर

अर्धं सापडलं. कार्न, बर्नस्टाइन, ब्लेझ, तिघांनीही स्वतः उभं राहून प्रश्न विचारला आणि उत्तर घेतलं. डेबियनने उत्तराची अपेक्षाच ठेवली नाही, नुसतं कळवत राहिले. 'कळवणं' आणि 'विचारणं' यात फरक आहे. कळवलेलं फाइलला लागतं. विचारलेल्याला कोणीतरी बसून उत्तर लिहावं लागतं. माझ्या मूळ लेखात मी या दोन्हींची खिचडी केली होती.

उरलेलं अर्धं, म्हणजे पैसा, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

---

उधारीवही

मामा, मी खाते उघडलं इथे. सगळी चर्चा वाचली, मस्त आहे, पण माझा फॉर्म अजून तसाच अडकलाय. ॲप फक्त एचटीटीपीएस वापरतं, तेसुद्धा फोनच्याच प्रणालीतलं. स्वतःचं काही घातलेलं नाही. हो की नाही?

---

मठ्ठ_सर्व्हर

@उधारीवही, फक्त तेवढंच असेल तर ते सुटीत बसतं. प्रकल्पाच्या माहिती-फाइलमध्ये 'सूट नसलेलं एन्क्रिप्शन' या मुद्द्यापुढे 'नाही' लिहून ठेव, मग दर आवृत्तीला प्रश्न येणार नाही. पुढे वहीचा डेटाबेस कुलूपबंद करायला बाहेरची लायब्ररी घातलीस तर मात्र पुन्हा बघावं लागेल.

---

उधारीवही

झालं, गेलं पुढे! थँक यू काका.

डेटाबेसला कुलूप पाहिजेच आहे पण, दुकानदार म्हणतात बायकोला उधारी दिसता कामा नये. लायब्ररी घातली तर फ्रान्ससाठी वेगळा कागद लागेल असं कुठेतरी वाचलं. आमचं दुकान चिपळूणला आहे.

---

कसारा_लोकल

फ्रान्सला लेखी विचार.